रोहिणखेडचे रण आणि पाठीमागचा हात

बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरून मोताळ्याच्या बाजूला निघाले की हवाच पालटते. वर पठारावर असलेला गारवा खाली उरत नाही. जमीन काळी व सपाट होत जाते आणि उन्हाळ्यात वारा भट्टीतून आल्यासारखा अंगावर येतो. या जिल्ह्यातला माणूस पहिल्या भेटीत गाव विचारतो आणि लगेच दुसरा प्रश्न करतो, ‘म्हणजे घाटावरचे की घाटाखालचे?’ सोयरीक, पीकपाणी, बोली, सारे या एका रेषेने विभागलेले आहे. त्या रेषेवरच, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, रोहिणखेड हे गाव आहे.

गावात एक जुनी दगडी मशीद आहे. आकाराने लहान, पण घडणीने देखणी. खुदावंदखान महदवी नावाच्या सरदाराने ती १५८२ साली बांधली. आम्ही प्रथम ती पाहिली तेव्हा ‘महदवी’ या शब्दापाशी अडखळलो. सेमिनरीत आम्हांला जगातील धर्मपंथांची तोंडओळख करून दिली होती, पण हा पंथ तीत नव्हता. पुढे वाचन करता करता कळले, की सय्यद मुहंमद जौनपुरी यांनी स्वतःस महदी, म्हणजे अखेरच्या काळी येणारा मार्गदर्शक, म्हणून घोषित केले. १५०५ साली ते निवर्तले आणि त्यांचे अनुयायी गुजरात व दख्खन येथे पसरले. आणि हेही कळले, की मशीद उभी राहिल्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी त्याच पंथाचा दख्खनमधील सर्वांत बलाढ्य पुढारी याच गावाच्या परिसरात, भर उन्हाळ्यात, कपाळात गोळी लागून घोड्यावरून कोसळला. त्या लढाईची हकिकत वाचकांपुढे ठेवण्याचा विचार पुष्कळ दिवस मनात होता. शालेय पुस्तकांत तिला जागा नाही. असलीच तर ‘निजामशाहीतील भाऊबंदकी’ एवढ्या दोन शब्दांत ती आटोपते. भाऊबंदकी होतीच, ते आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या रणात ज्याचा एकही सैनिक नव्हता अशा एका सत्ताधीशाची इच्छा तेथे लढत होती, ही गोष्ट त्या दोन शब्दांत हरवते.

घाटाच्या तोंडाशी असलेल्या या मुलखाला दुसऱ्यांच्या लढाया नव्या नव्हत्या. १४३७ साली याच रोहिणखेडला एक युद्ध झाले होते. खानदेशचा सुलतान नासीरखान फारुकी याची मुलगी बहमनी सुलतान अल्लाउद्दीन अहमदशहा यास दिली होती. सुलतानाने संगमेश्वरच्या राजाच्या कन्येशी विवाह केल्यावर पहिल्या राणीची उपेक्षा होऊ लागली, अशी तक्रार माहेरी गेली. नासीरखान चालून आला. त्यामागे गुजरातच्या सुलतानाची संमती होती आणि वऱ्हाडातले काही सरदार फितूर झाले होते. बहमनी सेनापती खलफ हसन मलिक-उत्-तुज्जार याने त्याला रोहिणखेडला हरविले व बुऱ्हाणपूरपर्यंत पिटाळीत नेले. मुलीचा अपमान हे निमित्त. गुजरातचा हात मात्र पदराआड. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे, १७२४ च्या ऑक्टोबरात पुन्हा तसेच घडले. दिल्लीच्या दरबाराला निजाम-उल्-मुल्क डोईजड झाला होता; त्याच्याशी उघड वैर न करता दरबाराने हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यास आतून चिथावणी दिली. निजामाने बाजीराव पेशव्यांना आपल्या बाजूस ठेवले, मुबारिझखान मारला गेला, आणि दिल्लीने नंतर विजयी निजामाचीच दख्खनची सत्ता मान्य करून टाकली. गावाचे नाव मात्र काही काळ फत्तेखेर्डा झाले. असो. आमचा विषय या दोहोंच्या मधला आहे.

वऱ्हाडची इमादशाही १५७४ साली अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने बुडविली, तेव्हापासून आजच्या बुलढाणा जिल्ह्याचा प्रदेश निजामशाहीत आला. (अहमदनगरला आता अहिल्यानगर म्हणतात, येथे त्या काळचेच नाव ठेवतो.) हा मुर्तझा पुढे एकांतात राहू लागला, लोक त्याला ‘दिवाणा’ म्हणत. त्याच्या भावाने, बुऱ्हाणने, बंड करून पाहिले. ते फसले आणि तो फिरत फिरत अकबर बादशहाच्या आश्रयास गेला. त्याचे दोन मुलगे, इस्माईल व इब्राहीम, मागे राहिले. ते लोहगडावर कैदेत पडले.

१५८८ मध्ये मुर्तझाला त्याच्याच मुलाने, मीरान हुसेनने, हमामखान्यात मारविले. वर्षही पुरते उलटले नाही तोच मीरान हुसेनची हत्या झाली. आता गादीसाठी वारस हवा होता, म्हणून लोहगडावरच्या कैदेतून इस्माईलला आणून तख्तावर बसविले. तो पोरसवदा होता. सत्ता गेली जमालखान या महदवी सरदाराच्या हाती. शहरात परदेशी मुसलमानांची, म्हणजे इराण-तुराणातून आलेल्या ‘गरीब’ किंवा ‘आफाकी’ म्हणविणाऱ्यांची, भयंकर कत्तल झाली. दख्खनी आणि आफाकी हे वैर जुने होते, पण त्या १५८९ सालच्या दिवसांनी त्यावर कडी केली. जमालखानाने महदवी पंथ हाच राज्याचा धर्म केला आणि ठिकठिकाणचे महदवी त्याच्या झेंड्याखाली जमू लागले.

वारसाहक्काने पाहिले तर बाप जिवंत असताना मुलगा गादीवर बसला होता, आणि बाप अकबराच्या पदरी होता. बादशहाच्या दृष्टीने याहून चांगली संधी कोणती?

येथे थोडे मागे जावे लागते. अकबराने दख्खनवर उघड हात टाकून पाहिला होता. १५८६ साली माळव्याचा सुभेदार खान-ए-आझम अझीझ कोका वऱ्हाडात उतरला, त्याने एलिचपूर लुटले. परंतु मोगल सरदारांत एकमेकांशी धड पटत नव्हते, दख्खनी फौज पाठीवर आली आणि त्याला नंदुरबारच्या वाटेने गुजरात गाठावे लागले. ध्यानात ठेवण्याजोगी बाब ही, की त्या वेळी खानदेशचा राजे अलीखान फारुकी दख्खनी फौजेबरोबर मोगलांविरुद्ध उभा होता. हा मोठा जाणता राजा. बुऱ्हाणपूरची जामा मशीद त्याने बांधली; तीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेखही कोरविला आहे, तो आजही पाहावयास मिळतो. उत्तरेस मोगल, दक्षिणेस निजामशाही, पश्चिमेस गुजरात, आणि गुजरात तर १५७३ पासून मोगलांचेच: अशा जात्यात सापडलेल्या दाण्याने काय करावे? राजे अलीखान एकदा या पाळीला लागून, एकदा त्या पाळीला लागून, पिठात जाण्याचे टाळीत होता.

अझीझ कोकाच्या स्वारीने अकबराला एक धडा दिला असावा, असे पुढील घटनांवरून आम्हांस वाटते. १५८९ नंतर त्याने बुऱ्हाणला बोलावून बापाचा हक्क मिळवून देण्याचे ठरविले व सोबत फौज देऊ केली. बुऱ्हाणने फौज नाकारली! फिरिश्ता लिहितो त्याचा आशय असा, की मोगल सैन्य दिसले तर दख्खनी लोक बिथरतील, मला एकट्यालाच जाऊ द्यावे. बादशहाने ते मान्य केले, त्याला नर्मदाकाठचे हंडिया जहागीर म्हणून दिले आणि राजे अलीखानास लिहिले, की यास साहाय्य करावे.

या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात. सरहद्दीलगतचे एक ठाणे दिले, म्हणजे जमवाजमव करावयास जागा मिळाली. शेजारच्या राजाला पत्र गेले, म्हणजे फौज त्याची, खर्च त्याचा. आणि पुढे केला तो घरातलाच माणूस, म्हणजे परचक्र आले असे कुणी म्हणू नये. यशस्वी झाले तर अहमदनगरच्या गादीवर आपला आश्रित. फसले तर आपले काहीच गेले नाही. आजच्या काळातील राष्ट्रे जे करतात त्याचा आराखडा यात पुरता आहे. फिरिश्ताविषयी एवढे सांगितले पाहिजे, की तो हे सारे ऐकीव लिहीत नव्हता. तो अहमदनगरच्या चाकरीत होता, मग विजापूरला गेला, आणि या धामधुमीत स्वतः जखमी होऊन जमालखानाच्या हाती सापडला व पुढे निसटला. तो विजापूरचा आश्रित, तेव्हा जमालखानाविषयी त्याचे मत वजा करूनच घ्यावे लागते.

पहिला प्रयत्न फसला. वऱ्हाडच्या एका हबशी सरदाराने वचन दिले होते, ते त्याने मोडले. बुऱ्हाण मार खाऊन हंडियाला परतला. तेव्हा राजे अलीखानाने दुसरा डाव मांडला. त्याने विजापूरच्या इब्राहीम आदिलशहाला कळविले, की दक्षिणेकडून तुम्ही निघा. विजापूरचा कारभारी दिलावरखान फौज घेऊन आला. जमालखान बालराजास घेऊन त्याच्यावर चालून गेला आणि धाराशिवजवळ त्याने विजापूरकरांचा सडकून पराभव केला. पण तेथे थांबून विजय साजरा करावयास सवड नव्हती. उत्तरेस वऱ्हाडचे सरदार एकामागून एक बुऱ्हाणला मिळत असल्याच्या बातम्या येत होत्या. जमालखान तसाच वळला. विजापूरचे मराठे बारगीर त्याच्या पिछाडीस लागले, दाणागोटा मारू लागले.

त्या बारगिरांपाशी आम्ही वाचताना थबकलो. विजापूरकडे मराठे, निजामशाहीत मराठे. जमालखानाच्या तळावर पखाली वाहणारे आणि घोड्यांना चारा आणणारे कोण होते? ज्यांच्या शेतातून ही सैन्ये गेली ते कोण? बखरी व तवारिखा यांची नावे ठेवीत नाहीत. सुलतानांच्या हत्तींची मोजदाद मात्र नीट असते.

धाराशिवहून रोहिणखेडपर्यंतचा मार्ग उन्हाळ्यात काय असतो, हे येथल्या लोकांना सांगावयास नको. जमालखान घाटाशी पोहोचला तेव्हा उतरणीची सरळ वाट शत्रूने अडवून धरली होती. त्याला आडवाटेने फौज उतरवावी लागली. त्या वाटेला पाणी नव्हते. जेथे होते तेथे राजे अलीखान व बुऱ्हाण यांनी आधीच तळ दिला होता. माणसे आणि जनावरे तहानेने कासावीस झाली. कुठे तरी झाडीत थोडे पाणी सापडले, त्यावर घसे ओले करून महदवी सैन्याने विश्रांती न घेता हल्ला चढविला. ते पंथासाठी मरावयास आले होते, आणि फिरिश्ताच्या सांगण्यावरूनही दिसते, की लढाई त्यांच्या बाजूने झुकली होती. इतक्यात बंदुकीची एक गोळी जमालखानाच्या कपाळात शिरली. तो पडला आणि सैन्य फुटले. हिजरी सन ९९९ मधील रज्जब महिन्याची ती १३ तारीख. आपल्या हिशेबाने १५९१ सालच्या मे महिन्याचा पहिला आठवडा.

बालराजा इस्माईलला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला, पण तो पकडला जाऊन बापापुढे आणला गेला. बापाने त्याला कैदेत टाकले. पवित्र शास्त्रात दावीद राजाची व त्याच्यावर उठलेल्या अबशालोमाची कथा वाचताना आम्ही प्रत्येक वेळी वेशीवरच्या त्या खोलीत रडणाऱ्या बापापाशी थांबतो. रोहिणखेडला तसे रडणे कुणी नोंदविलेले नाही. राजे अलीखानाने हत्ती व तोफा आपल्या वाट्यास घेतल्या आणि तो बुऱ्हाणपुरास परतला. बुऱ्हाण अहमदनगरला जाऊन गादीवर बसला. महदवींवर आता पाळी उलटली. त्यांना मारण्याचे व हाकलण्याचे हुकूम सुटले.

अकबराने आता आपले देणे वसूल करावयास माणूस पाठविला. माणूसही साधा नव्हे, अबुल फजलचा थोरला भाऊ, कवी फैजी. १५९१ मध्येच तो निघाला, बुऱ्हाणपूर करून अहमदनगरला गेला, तेथे बराच काळ राहिला आणि १५९३ मध्ये किरकोळ नजराणे घेऊन परतला. बुऱ्हाण निजामशहाने मांडलिकी पत्करली नाही. ज्या माणसाने मोगल फौज सोबत नेण्यास नकार दिला होता, त्याने मोगलांचे जूही नाकारले. आम्हांला तर त्या पहिल्या नकारातच दुसरा दिसतो. इतिहासकार बुऱ्हाणला कृतघ्न म्हणतात. अबुल फजल तसे म्हणेल हे समजू शकते. पण मराठीत लिहिणाऱ्यांनीही तोच शब्द उचलावा याचे नवल वाटते. दुसऱ्याच्या घरात भांडण लावून आपला माणूस बसविणाऱ्याला कृतज्ञतेची अपेक्षा करण्याचा अधिकार कोणत्या न्यायाने पोहोचतो?

याचा अर्थ बुऱ्हाण थोर होता असा नव्हे. त्याने चौलच्या पोर्तुगीजांना कोंडण्यासाठी समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर किल्ला बांधावयास घेतला. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकला व निजामशाहीची मोठी हानी केली. त्या कोर्लईच्या पायथ्याशी आज आपले काही बांधव राहतात आणि घरात पोर्तुगीज वळणाची आपली वेगळी बोली बोलतात. त्या वस्तीच्या इतिहासातही या बुऱ्हाणचा असा एक दुवा आहे. १५९५ मध्ये तो वारला.

आता प्रश्न असा, की अकबराची युक्ती फसली की साधली? वरवर पाहता फसली. परंतु आम्ही या प्रश्नावर जितका विचार केला तितके आमचे मत उलट झाले. बुऱ्हाणनंतर इब्राहीम गादीवर आला आणि काही महिन्यांतच विजापूरकरांशी लढताना मारला गेला. मग एकाच वेळी चार पक्ष, चार वारस. १५८८ पासून सात वर्षांत राजघराण्याचे मूळ इतके हलले होते, आणि बाहेरच्या मदतीने गादी मिळविता येते हे सर्वांनी इतके नीट पाहिले होते, की मियाँ मंजू या सरदाराने आपणच गुजरातेत असलेल्या शहजादा मुरादला निमंत्रण धाडले. रोहिणखेडच्या वेळी अकबराला पत्र लिहावे लागले होते. या वेळी त्यालाच पत्र आले. १५९५ च्या डिसेंबरात मोगल अहमदनगरच्या तटाशी होते. चांदबिबीने तट राखला, ती कथा प्रसिद्धच आहे. पण १५९६ च्या आरंभी तह झाला तेव्हा वऱ्हाड द्यावे लागले. आमचे घाटावरचे आणि घाटाखालचे सारे मोगलांच्या दफ्तरात गेले, आणि मेहकर ही मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार ठरली.

त्याच सुमारास युरोपात काय चालले होते हे पाहिले तर या पद्धतीला देशधर्माचे बंधन नाही हे दिसते. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५८४ च्या अखेरीस फ्रान्समधील कॅथोलिक लीगशी गुप्त करार करून तिला पैसा पुरविला. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने १५८५ मध्ये स्पेनविरुद्ध लढणाऱ्या डचांना मदत दिली. आपल्याच पंथाच्या नावाने ती लीग उभी होती, म्हणून तिच्याकडे आम्ही पूर्वी काहीसे प्रेमाने पाहत असू. सेमिनरीतील इतिहासाच्या तासाला तर नक्कीच. आज तसे वाटत नाही. फिलिपला फ्रान्सचा आत्मा वाचवायचा होता की फ्रान्स दुबळा ठेवायचा होता, हे त्याच्या हिशेबाच्या वह्या सांगतात. जमालखानाच्या महदवींना मात्र कुणी पैसा दिला नव्हता. ते चुकले असतील, क्रूरही झाले, पण मरताना स्वतःचेच मरत होते.

आणि आपला देश? १९८० च्या दशकात श्रीलंकेतील तमिळ बंडखोरांना भारताने शस्त्रे व प्रशिक्षण दिले. २९ जुलै १९८७ रोजी करार झाला, शांतिसेना गेली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिला त्यांतील सर्वांत प्रबळ संघटनेशी लढावे लागले. १९९० मध्ये सेना परतली तोवर तिचे अकराशेहून अधिक जवान कामी आले होते. १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या झाली. बुऱ्हाणने फैजीला नुसते रिकाम्या हाती पाठविले होते.

राहता राहिला राजे अलीखान. रोहिणखेडच्या रणाचा खरा विजेता तोच. विजापूरकरांना उठविणारा तो, पाण्याच्या जागा धरणारा तो. त्याने बादशहाचे काम केले आणि त्या बदल्यात आपले खानदेश शाबूत राहील अशी आशा धरली. पण एकदा त्या वाटेने गेल्यावर परतणे त्याच्या हाती राहिले नाही. १५९५ च्या वेढ्यात त्याला मुरादबरोबर जावे लागले. १५९७ च्या आरंभी गोदावरीकाठी, सोनपेठच्या परिसरात, मोगल आणि दख्खनी फौजांची घनघोर लढाई झाली, तीत मोगलांच्या बाजूने लढताना तो पडला. रात्रीच्या गोंधळात तो दिसेना, तेव्हा मोगलांनी समजूत करून घेतली की खानदेशचा राजा शत्रूला मिळाला, आणि त्यांनी त्याचा तळ लुटला. दुसऱ्या दिवशी प्रेतांच्या राशीत त्याचा देह सापडला. तो बुऱ्हाणपुरास नेऊन पुरला.

त्याचा मुलगा बहादूरखान यापुढे मोगलांवर विश्वास ठेवीना. तो असीरगडावर चढून बसला. अकबर स्वतः आला आणि १६०१ च्या जानेवारीत गड घेऊन त्याने फारुकी राज्य संपविले. त्याआधी काही महिने, १६०० मध्ये, अहमदनगरचा किल्ला पडला होता आणि तेथला बालसुलतान हाती लागला होता. तो बुऱ्हाणचा नातू, इब्राहीमचा मुलगा. त्याचेही नाव बहादूरच. रोहिणखेडला खांद्याला खांदा लावून जिंकलेल्या दोघांपैकी एकाचा मुलगा आणि दुसऱ्याचा नातू, हे दोन्ही बहादूर, बादशहाच्या हुकमाने ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत गेले.